नानांच्या कंबरेचं माप

लीड्समधल्या ज्या दवाखान्यात मी नर्स आहे, तिथे मंगळवारची सकाळ एकाच कामासाठी राखून ठेवलेली असते. त्या दिवशी येणाऱ्यांना स्किझोफ्रेनिया, बायपोलर किंवा सायकोसिसचा (भास-भ्रम होण्याचा) दुसरा एखादा आजार असतो. पण आवाज ऐकू येतात का, झोप लागते का, हे मी शेवटी विचारते. आधी वजन, बीपी, साखर आणि कोलेस्टेरॉलसाठी रक्त, मग सिगारेट आणि दारू. इंग्लंडमध्ये फॅमिली डॉक्टरकडे अशा रुग्णांची वेगळी नोंद असते आणि प्रत्येकाची ही तपासणी वर्षातून एकदा व्हावी अशी अपेक्षा असते.

नवीन लागले तेव्हा प्रश्न पडला होता, आजार मनाचा आणि आपण कोलेस्टेरॉल कशाला बघतोय? तिथे तीव्र मानसिक आजाराची माणसं इतरांपेक्षा सरासरी १५ ते २० वर्षं आधी जातात, हे कळल्यावर मी गप्प झाले. त्यातले बहुतेक मृत्यू आत्महत्येने होत नाहीत, हृदयविकारासारख्या टाळता येण्याजोग्या आजारांनी होतात. ओलान्झापिन, क्लोझापिन अशा या आजारांवरच्या गोळ्यांनी भूक सुटते, वजन वाढतं, साखर आणि चरबी चढते. अनेकांना सिगारेटची सवय असते. आजार माणसाला अंथरुणातून उठू देत नाही, मग चालणं दूरच. पुढच्या १० वर्षांतला हार्ट अटॅकचा आणि पक्षाघाताचा धोका काढायला तिथे क्यूरिस्क-३ नावाचं साधन वापरतात. त्यात तीव्र मानसिक आजार हा स्वतंत्र धोका म्हणून धरलेला आहे.

गेल्या गणपतीला देवगडला घरी आले आणि पडवीत सुपारी सोलत बसलेल्या नानांकडे पहिल्यांदा नर्सच्या नजरेने पाहिलं. नाना माझे धाकटे काका. वीसएक वर्षं मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू आहेत, आणि त्या गोळ्यांनीच ते आम्हाला परत मिळाले. आमच्याकडे 'रत्नागिरीला न्या' एवढं म्हटलं तरी मनोरुग्णालयच डोळ्यांसमोर येतं. त्या भीतीपोटी घरात या आजाराबद्दल कोणी मोठ्याने बोलत नसे. पोट सुटलं तर 'नाना आता बरो झालो' म्हणून सगळे खूश.

काकी सहज बोलून गेली की शिमग्याच्या सुमारास नानांच्या छातीत दुखलं होतं. एका दवाखान्यात नेलं. डोक्याच्या गोळ्या चालू आहेत हे ऐकल्यावर तिथे 'टेन्शन घेतात' म्हणाले, गॅसची गोळी दिली. ईसीजी काढलाच नाही. मला आजही त्याचा राग येतो. मनाचा आजार असलेला माणूस शरीराचं दुखणं सांगतो तेव्हा तेही मनाचंच धरायचं, ही चूक लीड्समध्येही होते. आणि नऊ वर्षं परक्यांचे दंड पट्ट्यात बांधणाऱ्या मला नानांचं बीपी कधी विचारावंसं वाटलं नाही, हे मनाला फार लागलं.

शिवणाच्या डब्यातली टेप घेतली.

"कमार कित्याक मोजतंस गो? सदरो शिवूक घालतंस काय?"

१०४ सेंटीमीटर. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० च्या वर गेली की काळजीचं. बीपी १६२/९८. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी साखर १७१.

"मगे त्यो गोळयो बंदच करूया काय?" काकीने विचारलं. नाही, काकी. हे मी इथे सगळ्यांसाठी लिहिते आहे: मनाच्या गोळ्या स्वतःहून अजिबात बंद करू नका. डॉक्टरांना वजन आणि साखर सांगा. कधी गोळी बदलता येते, कधी सोबत साखरेची गोळी देतात. विडी-सिगारेट सोडत असाल तर तेही आधी सांगा. धुरामुळे क्लोझापिन शरीरातून लवकर निघून जातं. धूर बंद झाला की त्याचं रक्तातलं प्रमाण चढतं, डोस कमी करावा लागू शकतो.

नानांचा ईसीजी निघाला. बीपीची आणि साखरेची गोळी सुरू झाली.

तिशीच्या पुढच्यांची बीपी-साखरेची तपासणी आपल्याकडे सरकारी उपकेंद्रात होते, आशाताई वाडीत येऊन फॉर्म भरतात. पण परकं माणूस खळ्यात आलं की नाना माजघरात जातात. त्यामुळे घरातल्या सगळ्यांचं नाव लागलं, यांचं राहिलं. लीड्सलाही पत्र पाठवलं म्हणून सगळे येत नाहीत. कोणाला तीनदा फोन करावा लागतो, कोणाच्या दारात जावं लागतं. मी आशाताईंना एवढंच म्हटलं की दुपारी या, नाना तेव्हा पडवीत एकटे सुपारी सोलत असतात, आणि पहिल्यांदा नुसत्या बसा. त्या दोनदा नुसत्या बसल्या. तिसऱ्यांदा नानांनीच हात पुढे केला.

या रविवारी काकीने फोनवर आकडा वाचून दाखवला, १४२/८८. मागून नानांचा आवाज आला, "माझी कमार पण सांग तिका."