तुम्ही विचारलंत म्हणून: सिनेमा बघितला तर चालेल का?

दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये हा प्रश्न माझ्याकडे येतो. मी बी.ए.च्या मुलांना इंग्रजी शिकवते. तास संपला की कुणीतरी टेबलापाशी येऊन हळूच विचारतं, "मॅडम, कादंबरी वाचून होत नाहीये, सिनेमा बघितला तर चालेल का?" कादंबरी म्हणजे अर्नेस्ट हेमिंग्वेची 'अ फेअरवेल टू आर्म्स', १९२९ची. सिनेमा म्हणजे फ्रँक बोरझेगीने तिच्यावर १९३२ मध्ये केलेला, गॅरी कूपर आणि हेलन हेजचा. आता मुलांचे पालक आणि माझ्या मैत्रिणीही हेच विचारायला लागल्यात, म्हणून एकदा नीट लिहिते.

गोष्ट थोडक्यात अशी. पहिलं महायुद्ध, इटलीची आघाडी. इटालियन सैन्यात रुग्णवाहिका चालवणारा अमेरिकन लेफ्टनंट फ्रेडरिक हेन्री आणि ब्रिटिश नर्स कॅथरिन बार्कली प्रेमात पडतात. तो जखमी होतो, मिलानच्या हॉस्पिटलात ती त्याची शुश्रूषा करते, तिला दिवस जातात, तो सैन्य सोडून पळतो. स्वित्झर्लंडमध्ये बाळंतपणात मूलही जातं आणि तीही जाते. हेमिंग्वे स्वतः रेडक्रॉसच्या रुग्णवाहिकेवर होता, जुलै १९१८ मध्ये पियावे नदीकाठी जखमी झाला आणि मिलानच्या हॉस्पिटलात एका नर्सच्या प्रेमात पडला. त्याची नर्स मात्र मेली नाही, तिने पत्र लिहून त्याला नकार कळवला.

सिनेमा बघाच, असंच मी सांगते. त्यातल्या एका प्रसंगासाठी तर नक्कीच. जखमी फ्रेडरिकला स्ट्रेचरवरून हॉस्पिटलात आणतात, तेव्हा कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या जागी जातो. आपल्याला दिसतं ते फक्त छत. कमानी सरकत जातात, अनोळखी चेहरे वरून डोकावतात, बोलतात, निघून जातात. मग कॅथरिन येते, वाकते, जवळ येते, इतकी जवळ की पडदाभर तिचा एकच डोळा उरतो. चार्ल्स लँगला या सिनेमाच्या छायाचित्रणासाठी ऑस्कर मिळालं. काही वर्षांपूर्वी मला ऑपरेशनसाठी ढकलगाडीवरून नेत होते, तेव्हा छतावरच्या ट्यूबलाइट एकेक करून डोक्यावरून गेल्या आणि मला हेच आठवलं. आडव्या माणसाला जग केवढं दिसतं, हे मला पुस्तकाने नाही, या सिनेमाने शिकवलं.

पण चालेल का, हा तुमचा प्रश्न. कादंबरीऐवजी म्हणत असाल तर नाही चालणार.

कादंबरीत फ्रेडरिक सैन्य का सोडतो? ऑक्टोबर १९१७ मध्ये कापोरेत्तोला इटालियन फळी कोसळते. माघार घेणारं सैन्य चिखलातून, पावसातून मागे सरकतं. तालियामेंतो नदीच्या पुलावर त्यांच्याच सैन्याचे पोलीस अधिकाऱ्यांना बाजूला काढून दोन-चार प्रश्न विचारतात आणि गोळ्या घालतात. फ्रेडरिकची पाळी येणार असते, तेवढ्यात तो नदीत उडी मारतो. ज्यांच्यासाठी लढला तेच त्याला मारायला निघाले होते, एवढं पुरे होतं.

सिनेमात तो पळतो ते पत्र येत नाही म्हणून. त्याचा मित्र, सर्जन रिनाल्डी, कॅथरिनची पत्रं अडवतो आणि तिला तिची स्वतःचीच पत्रं परत मिळतात, न फोडलेली. हेलन हेजने तो धक्का फार सुंदर दाखवलाय. पण त्यामुळे गोष्टच बदलते, कारण दुःखाला गुन्हेगार मिळतो. मित्राने पत्रं अडवली नसती तर, असं आपल्याला म्हणता येतं. कादंबरीत असं 'नसतं तर' कुठेच नाही. तिथे रिनाल्डी लबाडी करत नाही, दोघं एकत्र रात्रभर नाव वल्हवत लागो माज्जोरे तळ्यातून सरहद्द ओलांडतात, बर्फाळ डोंगरात हिवाळाभर सुखाने राहतात आणि तरीही ती मरते. कुणाचीच चूक नसताना. मला स्वतःला ते वाचणं जास्त अवघड जातं आणि म्हणूनच मी ते वाचायला लावते.

कादंबरीतल्या पावसाचंही तसंच. आपल्या मुलांना हा पाऊस आधी कळतच नाही. आपल्याकडे पाऊस म्हणजे मृगाची वाट बघणं, मातीचा वास, पेरणी, माहेर. मी शिकवत असते तेव्हाही बाहेर पन्हळी वाजत असतात आणि वर्ग खुशीत असतो. या पुस्तकात पहिल्या प्रकरणाच्या शेवटी पाऊस येतो आणि पटकी घेऊन येतो. लेखक सांगतो, सैन्यात फक्त सात हजार माणसं मेली. त्या 'फक्त'पाशी मी दरवर्षी थांबते. पुढे कॅथरिन म्हणते, मला पावसाची भीती वाटते, कधीकधी मी त्यात मेलेली दिसते.

शेवट तर दोन्हीकडे पार वेगळा. कादंबरीत ती जाते तेव्हा १९१८चा वसंत चालू असतो, युद्ध संपायला अजून कितीतरी महिने असतात. सिनेमाने तिचा मृत्यू थेट युद्धविरामाच्या क्षणाला नेऊन लावलाय. घंटा वाजतात, जर्मन संगीतकार वाग्नरचं संगीत चढत जातं, पांढऱ्या चादरीत गुंडाळलेल्या तिला उचलून घेत तो 'शांती' म्हणतो. इंग्रजीत 'आर्म्स' म्हणजे शस्त्रंही आणि बाहूही. बोरझेगीने दुसरा अर्थ धरला आणि मनापासून धरला. दर वेळी माझे डोळे भरतात, ते मी नाकारणार नाही.

बघायचाच तर ८९ मिनिटांची प्रत शोधा. १९३८ मध्ये पुन्हा दाखवताना त्यातली जवळजवळ अकरा मिनिटं कापली गेली आणि ती कापलेली प्रतच वर्षानुवर्षं फिरत राहिली. अमेरिकेत त्याचा कॉपीराइट संपलेला असल्याने इंटरनेटवर फुकट मिळतो, पण धुरकट, खरखरीत. आधी लांबी तपासा. १९५७चा रॉक हडसनवाला रंगीत सिनेमा सध्या बाजूला ठेवा, तो लांब आहे आणि मला तरी त्यात जीव सापडला नाही.

आणि सिनेमा संपला, घंटा वाजून झाल्या, की लगेच कादंबरीचं शेवटचं पान उघडा. एकच पान, तेवढा वेळ सगळ्यांना असतो. तो नर्सना खोलीबाहेर घालवतो. दार लावतो, दिवा मालवतो. त्याने काही होत नाही. पुतळ्याचा निरोप घेतल्यासारखं वाटतं. थोड्या वेळाने तो बाहेर येतो आणि पावसातून चालत हॉटेलवर जातो.