सत्तेचे पुरोहित

आज लोकल लेट होती म्हणून ठाण्याला बाकड्यावर बसून ऑर्वेलचं '१९८४', एका हुकूमशाही पक्षाच्या राज्याची ती कादंबरी, परत काढलं. कॉलेजात वाचलेलं तेव्हा सगळं लक्ष माणसांवर पाळत ठेवणाऱ्या टेलिस्क्रीनवर, आज मात्र पक्षाचा अधिकारी ओब्रायन कैदी विन्स्टनची चौकशी करतो तो भाग वाचताना अंगावर काटाच आला.

तो स्वतःला सत्तेचा पुरोहित म्हणवतो हो! आणि वर चर्चच्या जुन्या धर्मन्यायालयांचा, इन्क्विझिशनचा हिशोब मांडतो, की त्यांनी पाखंडी जाळले अन् ते हुतात्मे झाले, आम्ही ती चूक करणार नाही, आधी माणूस मनापासून आमचा करणार आणि मगच गोळी. म्हणजे नुसतं ऐकून भागत नाही, आतून मानायला पाहिजे. सगळं धर्मासारखंच, पक्षाचा नेता बिग ब्रदर कधी मरणार नाही, पक्षाचा शत्रू गोल्डस्टाइन सैतानाच्या जागी, कबुलीजबाब तर आहेच. ऑर्वेलच्याही आधी रशियन लेखक झाम्यातिनच्या 'वी' कादंबरीत एकमताच्या दिवसाची, म्हणजे सगळे एकाच नेत्याला मत देतात त्या दिवसाची तुलना थेट ईस्टरशी केलीय.

माझी आजी रोज तिन्हीसांजेला दिवा लावायची, तिच्या श्रद्धेची कधी कुणाला भीती वाटली नाही, त्याबद्दल मी बोलतच नाहीये. मनात काय चाललंय याचा हिशोब मागणारी संघटना, मला भीती तिची वाटते.

शेवटी कोठडीतला विन्स्टन पाटीवर पेन्सिलीच्या तुकड्याने लिहितो, दोन अधिक दोन पाच, आणि खाली, देव म्हणजे सत्ता. त्या पानावर गाडी आली आणि मी उठलेच नाही.