पालखी ज्याच्या अंगणात येते

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. केप व्हर्डेच्या फुटबॉल संघाबद्दल मी बोलायला लागलो की हा प्रश्न हमखास येतो: "अहो, त्यातली कितीतरी पोरं युरोपात जन्मलेली. मग हा त्या देशाचा संघ कसा?"

आफ्रिकेच्या पश्चिमेला, अटलांटिक महासागरात दहा बेटं. वस्ती सव्वापाच लाखांच्या आसपास. 1975 साली पोर्तुगालपासून स्वतंत्र झालेला हा देश जून 2026 मध्ये पहिल्यांदाच वर्ल्ड कप खेळणार आहे. गटात स्पेन, उरुग्वे आणि सौदी अरेबिया.

उत्तर द्यायला मला रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या वाडीत जावं लागतं. मे महिन्यातली टेनिस बॉल क्रिकेटची स्पर्धा, नियम 'एक गाव एक संघ'. आमची निम्मी टीम चाकरमान्यांची. एका वर्षी सेमी फायनलच्या आधी समोरच्या संघानं आधार कार्डं मागितली. आमच्या बॉलरचा जन्म मुंबईचा, पत्ता विरारचा. टेबलापाशी गर्दी जमली, आवाज चढले. पोरगा बुटाच्या टोकानं लाल माती उकरत गप्प उभा होता. तेवढ्यात वाडीतले एक म्हातारे काका गर्दीतून पुढं आले आणि म्हणाले, "शिमग्याला देवाची पालखी याच्या अंगणात येते. याचा बापूस मुंबईहून येऊन खांदा देतो. आनी कंचा दाखला पायजे तुमाला?"

पोरगा खेळला.

केप व्हर्डेची गोष्ट आमच्यापेक्षा कितीतरी कठोर आहे. तिथं पाऊस भरवशाचा नाही. 1940च्या दशकातल्या दुष्काळांत हजारो माणसं अन्नावाचून गेली. जगायचं तर जहाज धरायचं, एवढाच मार्ग उरला. लिस्बन, रॉटरडॅम, बॉस्टनच्या आसपासची गावं, जिथं काम मिळालं तिथं माणसं राहिली. आज देशात आहेत त्याहून जास्त केपव्हर्डियन देशाबाहेर आहेत. आमच्या घरी गिरणीतून मनिऑर्डर यायची, तसा तिकडेही बाहेरून पैसा येत राहिला. घरची ओढ सांगायला त्यांच्याकडे 'सोदाद' असा शब्द आहे.

आता 13 ऑक्टोबर 2025 चा सामना पाहा. राजधानी प्राया, समोर आफ्रिकेतलाच छोटा देश एस्वातिनी, जिंकलं की वर्ल्ड कपमध्ये जागा पक्की. हाफ टाइमपर्यंत गोल नाही. मग पहिला गोल केला डायलॉन लिव्रामेंतोनं, जन्म रॉटरडॅमचा. दुसरा विली सेमेदोनं, जन्म फ्रान्सचा. तिसरा अगदी शेवटी स्तोपिरानं, 37 वर्षांचा, जन्म त्याच प्राया शहरातला. 3-0. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर या तीन गोलांत आलं.

बचावपटू रॉबर्तो 'पिको' लोपेसची हकिकत तर मी येईल त्याला सांगतो. जन्म डब्लिनचा, आई आयरिश, वडील केप व्हर्डेतल्या साओ निकोलाव बेटावरचे. तेव्हाचे प्रशिक्षक रुई आग्वाश यांनी त्याला लिंक्डइनवर पोर्तुगीजमध्ये मेसेज पाठवला. त्याला पोर्तुगीज येत नव्हतं. काहीतरी फालतू असेल म्हणून त्यानं तो तसाच सोडून दिला. काही महिन्यांनी इंग्रजीत पुन्हा विचारणा आली, तेव्हा त्यानं जुना मेसेज भाषांतर करून वाचला. देशाकडून खेळशील का, असं विचारलं होतं! 2019 पासून तो खेळतोय. सव्वापाच लाखांतून संघ उभा करायचा तर असंच दारोदार विचारत फिरावं लागतं. मला त्यात कमीपणा दिसत नाही, चिकाटी दिसते.

सध्याचे प्रशिक्षक बुबिस्ता 2020 पासून संघ बांधताहेत. अवघड काम वेगळंच आहे: वेगवेगळ्या देशांतल्या क्लबांतून पोरं थोड्याच दिवसांसाठी एकत्र येतात, आणि तेवढ्यात त्यांना एकमेकांच्या पायाची सवय व्हावी लागते. बचावात कोण सरकणार, कोण थांबणार, हे बोलायला वेळ मिळत नाही. जून 2024 मध्ये कॅमेरूननं यांना 4-1 हरवलं होतं. त्याच कॅमेरूनला सप्टेंबर 2025 मध्ये प्रायात 1-0 हरवलं, तेव्हा ही सवय झालेली दिसत होती.

गोलकीपर वोझिन्या केप व्हर्डेतल्याच मिंदेलो शहरातला. 3 जूनला चाळिशी पूर्ण करेल. 15 जूनला अटलांटात समोर स्पेन. तोवर आमच्याकडे भाताचा तरवा पेरून झालेला असेल आणि चाकरमानी मुंबईला परतलेले. विरारच्या त्या बॉलरला सांगून ठेवलंय, तू तिकडून बघ, मी इकडून बघतो. लाइट गेले तर फोनवरून स्कोअर सांग.