आत्याच्या ऑपरेशनला आला आणि तिकिटाचे ७५ पौंड जादा गेले

काल रात्री साडेदहाला दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा आत्तेभाऊ, आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतच वाढलेला, नऊ वर्षं झाली उत्तर इंग्लंडमध्ये एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला आहे. म्हटलं काय झालं एवढ्या रात्री, तर म्हणतोय "सीझन तिकिटाचा मेल आलाय, ३१ मार्चपर्यंत भरलं तर अर्ली बर्ड, नंतर रेट वाढतोय, या वर्षी भरू का सोडू सांग". आणि गप्प बसला. दादा असा गप्प बसणारा माणूस न्हवं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिकडं फुटबॉल क्लबचं सीझन तिकीट म्हणजे घरच्या मैदानावरच्या लीगच्या सगळ्या मॅचचं एकच तिकीट, आणि खुर्ची तुमची ठरलेली. दादाचा क्लब खालच्या डिव्हिजनमधला आहे, नाव लिहीत नाही. त्यांच्या डिव्हिजनमध्ये २४ टीम, म्हणजे घरी २३ मॅच. क्लब काय करतंय तर चालू सीझन संपायच्या आधीच पुढच्या सीझनचे पैसे मागतंय, लवकर भरलं तर स्वस्त. का, तर तिकडच्या उन्हाळ्यात मॅच नसतात, गेटवर एक रुपाया येत नाही, पण खेळाडूंचे पगार चालूच असतात, मग हा आगाऊ गोळा केलेला पैसा त्या दोन-तीन महिन्यांत उपयोगी पडतोय. हे मला समजतंय आणि पटतंय पण. लहान क्लबला दुसरी कमाई कुठली असणार?

मला जे खुपतंय ते वेगळंच आहे.

मागच्या वर्षी मार्चमध्ये आत्याचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं म्हणून दादा इकडं आलेला. तीन आठवडे. ३१ तारखेला संध्याकाळी आम्ही दोघं दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये त्या निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेलो, मी घरनं डबा आणलेला, भाकरी आणि पिठलं, आणि दादा एका हातात भाकरीचा तुकडा धरून दुसऱ्या हातानं मोबाईलवर तिकीट रिन्यू करायला बघतोय. त्याच्या तिकडच्या बँकेचा ओटीपी तिकडच्या सिमवर, आणि त्या सिमला आपल्याकडं रेंजच धरंना. खिडकीपाशी गेला, जिन्यात गेला, खाली मेडिकलसमोर जाऊन उभारला, शेवटी वर गच्चीवर पण जाऊन आला. ओटीपी काय आला नाही. पहाटे साडेचारला तिकडचे बारा वाजले आणि ३०० पौंडाचं तिकीट ३७५ ला झालं. पौंड शंभराच्या वर आहे, हिशोब तुम्हीच करा.

परत गेल्यावर त्यानं क्लबला रीतसर मेल लिहिला, आईचं ऑपरेशन होतं, ओटीपीचा असा असा घोळ झाला, आठ वर्षं सलग माझं तिकीट आहे, मागच्या वर्षांच्या पावत्या पण जोडल्या. उत्तर आलं दोन ओळींचं, सगळ्यांना एकच नियम, आपल्या प्रेमाबद्दल आभार. दादानं ७५ पौंड जादा भरले आणि कुणाला काही बोलला नाही, मलासुद्धा हे दिवाळीत फोनवर कळलं.

आता तुम्ही म्हणाल नियम म्हणजे नियम. पण हिशोब नीट बघा. गेटवर एका मॅचचं तिकीट २५ पौंड. अर्ली बर्डमध्ये ३०० भागिले २३ म्हणजे एक मॅच १३ पौंडाला, निम्म्यात, मस्तच. पण दादाची शिफ्ट ड्युटी, त्याला २३ पैकी जेमतेम १५ मॅच मिळतात, म्हणजे लवकर भरलं तर त्याला एक मॅच २० ला पडते आणि उशिरा भरलं तर ३७५ भागिले १५, बरोबर २५. गेटवरच्याएवढेच! वर पैसे चार महिने आधी दिलेत, आणि सीझनच्या शेवटी निकालावरनं क्लब वरच्या नाहीतर खालच्या डिव्हिजनमध्ये जातात, म्हणजे पुढच्या वर्षी क्लब कुठं असणार हे मार्चमध्ये माहीत नसतंय, दादाचा क्लब तर तेव्हा खाली घसरायच्या काठावर होता. म्हणजे जो माणूस रात्रपाळी करून, झोप मोडून येतोय त्याला ती एक तारीख चुकली की सीझन तिकिटाचा फायदा शून्य. मग तो तिकीट घेतोय कशाला, तर खुर्चीसाठी. भरलं नाही तर खुर्ची दुसऱ्याला जाते. दादाच्या डावीकडं एक सत्तरीचे आजोबा बसतात, पहिल्या वर्षी दादाला तिथलं कुणी ओळखत नव्हतं तेव्हा त्यांनी थर्मासमधला चहा पुढं केलेला, तेव्हापासनं दर मॅचला दोघांचा चहा त्याच थर्मासमधला. ही खुर्ची ७५ पौंडात तोलायची?

पैसे कुणाकडं कधी येतात याच्यावर निष्ठा मोजायची हेच मला चुकीचं वाटतंय. ज्याच्या खात्यात मार्चमध्ये एकरकमी ३०० पौंड पडून आहेत त्याला सूट, आणि ज्याचा पगार आठवड्याला येतोय आणि आठवड्याला संपतोय त्याला दंड. हप्त्यांची सोय काही क्लब देतात, पण पुष्कळ ठिकाणी ती फायनान्स कंपनीमार्फत असते, तिथं व्याज नाहीतर फी लागते. म्हणजे गरिबाला तेच तिकीट महाग.

आणि लोकं बोलली की फरक पडतोय बरं का. लिव्हरपूल क्लबचं उदाहरण आहेच. २०१६ च्या फेब्रुवारीत क्लबनं नव्या मेन स्टँडचं सगळ्यात महाग तिकीट ७७ पौंडाला नेणार म्हणून जाहीर केलं, सीझन तिकीट पहिल्यांदा हजार पौंडाच्या वर जाणार होतं. सुंदरलँडशी मॅच होती, लिव्हरपूल २-० नं पुढं, आणि बरोबर ७७ व्या मिनिटाला हजारो लोकं उठून चालायला लागली. आपली टीम जिंकत असताना उठून जायचं, याला किती जिवावर येत असेल ते पेठेतल्या माणसाला मी सांगायची गरज नाही. नंतर सुंदरलँडनं दोन गोल केले, मॅच २-२. चारच दिवसांत मालकांनी माफी मागितली आणि दरवाढ मागं घेतली. त्याच आठवड्यात जर्मनीत डॉर्टमुंड क्लबच्या समर्थकांनी स्टुटगार्टला जाऊन तिकिटाच्या दरावरनं मैदानात टेनिसचे बॉल फेकले. आणि महिन्याभरात प्रीमियर लीगनं, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या डिव्हिजननं, बाहेरगावच्या समर्थकांचं तिकीट जास्तीत जास्त ३० पौंड असा नियम केला, तो आजवर टिकलाय. पण म्हणून सगळं सुधारलं असं नाही, मँचेस्टर युनायटेडनं २०२४ मध्ये चालू सीझनच्या मधेच उरलेली तिकिटं सरसकट ६६ पौंड केली, लहान पोरं नाही, पेन्शनवाले नाही, सगळ्यांना एकच.

उलटं उदाहरण पण सांगतो, कारण सगळेच क्लब सारखे नसतात. हडर्सफील्ड क्लबचे तेव्हाचे मालक डीन हॉयल यांनी शब्द दिलेला की जे सलग सीझन तिकीट घेत राहतील त्यांना क्लब प्रीमियर लीगमध्ये गेला तर १०० पौंडात तिकीट. २०१७ मध्ये क्लब खरंच वर गेला, आणि त्यांनी शब्द पाळला. याला म्हणतात निष्ठेची किंमत. तारीख बघून नाही, वर्षं बघून.

आपल्याकडं शाहू स्टेडियमवर मी लहानपणापासनं जातोय, पप्पांच्या खांद्यावर बसून गेलोय. पाटाकडील-दिलबहार या तालमींच्या टीमची फुटबॉल मॅच असली की गावातली निम्मी दुकानं ओस पडतात. तिकीट काढायचं, भडंगाची पुडी घ्यायची, आत जाऊन आपल्या तालमीच्या घोळक्यात बसायचं. जागेवर नंबर नसतोय पण कोण कुठं बसणार हे सगळ्यांना माहीत असतंय. आमच्या शिवाजी तरुण मंडळाच्या घोळक्यात एक काका पॅरालिसिसनंतर दीड वर्ष आले नाहीत, तरी त्यांच्या पायरीवर कोण बसत नव्हतं. नवीन पोरगं बसलं तर मागनं आवाज, "ए, ती काकांची जागा आहे". ते परत आले त्या दिवशी काठी टेकत त्याच पायरीवर बसले.

दीड वर्ष. आणि तिकडं एक रात्र चुकली तर ७५ पौंड.

म्हणून मी दादाला सांगितलं की भर, पण या वेळी गप्प बसू नको. तुमची सपोर्टर्स ट्रस्ट, म्हणजे समर्थकांची संघटना आहे, तिच्या मीटिंगमध्ये जा आणि माग. एक, सूट घ्यायची मुदत शेवटच्या मॅचनंतर महिनाभर तरी ठेवा, म्हणजे डिव्हिजन तरी कळेल. दुसरं, हप्ते क्लबनंच द्यावेत, बिनव्याजी. आणि ज्याची पाच वर्षं सलग झालीत त्याला तारखेचं बंधनच नको, त्यानं कधीपण भरू दे, रेट तोच. यात क्लबचं दिवाळं निघत नाही, उलट तो माणूस मरेपर्यंत तुमचा राहतोय. दादा म्हणाला त्या आजोबांनी पण हेच सांगितलंय, त्यांची पेन्शन महिन्याच्या मधे येते आणि ते दर वर्षी मुलीकडनं उसने घेऊन भरतात. बावन्न वर्षं झाली त्यांना, त्याच स्टँडमध्ये.

आज सकाळी उठलो तर व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट, पेमेंट सक्सेसफुल. खाली लिहिलंय, मीटिंग पुढच्या गुरुवारी आहे, शिफ्ट बदलून घेतलीय, आजोबांना गाडीतनं घेऊन जाणार आहे.

आत्याकडं गेलो सांगायला. आता काठीशिवाय चालते ती. दळण निवडत बसलेली, सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "खुर्ची तीच मिळाली न्हवं त्याला?"

म्हटलं, तीच.