भिंतीच्या दोन्ही बाजू

शेजाऱ्यांच्या भांडणाचं तेच नाटक चौथ्यांदा कशाला बघता, असं मला बरेच जण विचारतात. भांडणच ऐकायचं तर जिन्यात उभ्या राहा, तिकीट लागत नाही, असंही वर ऐकवतात. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

जिन्यातलं भांडण मी पोटभर ऐकलंय. त्यात मजा नसते. भिंतीपलीकडून येतं ते अर्धंच येतं. "तुम्हीच आधी..." एवढं कळतं, पण आधी काय, ते भिंतीत मुरतं. शिवाय आपण तटस्थ राहू म्हटलं तरी कुणी राहू देत नाही. संध्याकाळपर्यंत दोन्हीकडची माणसं आपल्याला आपापली बाजू सांगून जातात. रंगमंचावर ती भिंत उभी कापलेली असते. डावीकडे एक घर, उजवीकडे दुसरं, मधे वीतभर भिंत आणि आपण समोर अंधारात. डावीकडचा माणूस भिंतीला कान लावून ऐकतोय आणि उजवीकडच्यानेही नेमका त्याच जागी कान लावलाय, हे त्या दोघांनाच ठाऊक नाही. मी बघते त्या नाटकातला पहिला हशा इथे येतो, अजून कुणी एक वाक्यही बोललेलं नसताना.

ही मांडणी काही आजची नाही. मेनँडर या ग्रीक नाटककाराचं 'दिस्कोलोस', म्हणजे 'तिरसट', हे नाटक इसवी सनपूर्व 316 मधलं. मधे पॅन देवाचं देऊळ आणि दोन बाजूंना दोन घरं. एका घरात क्नेमोन नावाचा म्हातारा, ज्याला माणूस दिसला की संताप येतो. देवळात पूजेला आलेली मंडळी मोठं पातेलं आणायला विसरलेली असतात, ती त्याच्याकडे मागायला जातात आणि शिव्या खाऊन परततात. पुढे तो स्वतःच्या विहिरीत पडतो आणि त्याला वर काढतो तो शेजारच्या घरातला सावत्र मुलगा. पण मला खरा आवडतो तो शेवट. दोन खोडकर माणसं अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला बाहेर आणून ठेवतात आणि त्याचं दार बडवून मुद्दाम एकेक वस्तू उसनी मागत सुटतात. तेवीसशे वर्षं झाली, उसनं मागायला आलेला शेजारी अजून हसवतोच.

भांडणाचं कारण मात्र क्षुल्लक हवं. मोठं असलं की नाटक कोर्टात जातं आणि आपण गंभीर होतो. रशियन लेखक चेकॉव्हची 1888 मध्ये लिहिलेली 'मागणी' ही एकांकिका याचा उत्तम धडा आहे. लोमोव नावाचा जमीनदार शेजाऱ्याच्या मुलीला, नताल्याला, मागणी घालायला येतो. मुद्द्यावर येण्याआधीच एका कुरणाचा विषय निघतो. कुरण तीनशे रुबलचं. ती म्हणते, पैशांचं काही नाही हो, अन्याय सहन होत नाही. तो म्हणतो, हवं तर भेट म्हणून देतो. ती म्हणते, तुम्ही कोण देणार, माझंच आहे, मीच तुम्हाला भेट देईन! मिटवायला हवा तो बापही येतो आणि आगीत तेल ओततो. लोमोव निघून गेल्यावर तिला कळतं की तो मागणी घालायला आला होता. मग रडारड, त्याला परत बोलावणं, आणि परत आल्यावर कुणाचा कुत्रा सरस यावरून नवं भांडण. लग्न ठरतं तेसुद्धा भांडणातच.

'अन्याय सहन होत नाही' हे वाक्य कुठल्याही सोसायटीच्या मीटिंगमध्ये ऐकायला मिळेल. तिथे त्याने डोकं उठतं, इथे हसू येतं. फरक नटांनी केलेला असतो. हे नट एका क्षणासाठीही आपण विनोदी आहोत असं दाखवत नाहीत. दोरीवरच्या टॉवेलसाठी ते जीव द्यायला तयार असतात. ज्या नटाच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू दिसलं, त्याचा पुढचा पंच गेलाच म्हणून समजा. आणि हशा घेणं हे वेगळंच शास्त्र आहे. हशा वर चढत असताना बोललं तर वाक्य बुडतं, पूर्ण विरल्यावर बोललं तर थंड पडतं. तो उतरायला लागला की पुढचं वाक्य सोडायचं. तिसऱ्या वेळी गेले तेव्हा प्रेक्षागृह निम्मं रिकामं होतं. सवयीप्रमाणे नट थांबले आणि हशा आलाच नाही. त्या दीड सेकंदाच्या शांततेत मला या कलेबद्दल जेवढं कळलं, तेवढं हाउसफुल्ल प्रयोगांत कळलं नव्हतं.

न आवडणारी गोष्टही सांगून टाकते. दोन तास जिवावर उठलेली माणसं शेवटच्या दहा मिनिटांत एकमेकांच्या गळ्यात पडतात. तेव्हा मी पर्स आवरायला घेते. मेनँडरचा म्हातारा बरा. त्याला ओढत नेऊन नाचवतात, पण तो बदललाय असं कुणी भासवत नाही.

आता चौथ्यांदा का, ते. पहिल्या खेपेला दुसऱ्या अंकात डावीकडच्या घरातल्या माणसाने टेबलाच्या खणातून एक वही काढली. उजवीकडच्यांच्या अपराधांची वही, तारीखवार. "मंगळवार, सकाळी सात वाजून दहा मिनिटं, पायपुसणं तिरकं." सगळं प्रेक्षागृह फुटलं. मीही हसायला तोंड उघडलं आणि शेजारी बसलेला नवरा माझ्याकडे वळला. काही बोलला नाही. फक्त बघितलं.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांच्या कुंड्यांचं पाणी आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतं. माझ्याकडेही वही आहे. नाटकातल्या माणसाकडे नुसत्या नोंदी आहेत, मी फोटो छापून चिकटवलेत. इतके दिवस तो मला पुरावा वाटत होता.

तेव्हापासून मी कडेची खुर्ची मागून घेते. वहीचा प्रसंग आला की रंगमंचाकडे पाठ करण्याइतकी वळते आणि लोकांकडे बघते. आठशे माणसं हसत असली तरी त्यात एखाददुसरं कुणी हसत नसतं. त्या वेळी ते नेमके चष्मा पुसत असतात, नाहीतर मोबाईल बंद आहे ना ते पुन्हा तपासत असतात. परवा पुढच्या रांगेत एक गृहस्थ असेच मान खाली घालून बसले होते, आणि त्यांची बायको डोळ्यांतलं पाणी पुसत पुसत त्यांना कोपराने ढोसत होती. मध्यंतरात ते चहाच्या रांगेत माझ्या पुढेच उभे राहिले. विचारावंसं फार वाटलं, तुमचं काय हो, पाणी की पार्किंग?