लिहिताना संपणारी मेमरी: एका निदानाचा अनुभव

वर्षभराच्या नोंदी तारखेनुसार वेगळ्या करून पार्केट (माहिती स्तंभानुसार साठवणाऱ्या स्वरूपाच्या) फायलींत लिहिणारा आमचा जावा प्रोग्रॅम वाचनाचा टप्पा सुरळीत पार पाडत असे आणि लिहिताना हीप, म्हणजे जावा प्रोग्रॅमच्या वाट्याची मेमरी, संपल्याची त्रुटी देऊन कोसळत असे. हीप होता 16 जीबी. अशा वेळी सर्वांत आधी मिळणारा सल्ला म्हणजे हीप वाढवा. तो वाढवल्यावर त्रुटी गेली खरी, पण प्रोग्रॅम ज्यात चालतो त्या कंटेनरची मेमरी-मर्यादा ओलांडली जाऊन कर्नलच (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) प्रोसेस मारू लागला आणि हाती उरला तो फक्त 137 हा एक्झिट कोड, म्हणजे 128 अधिक सिगकिल या प्रोसेस मारणाऱ्या संकेताचा क्रमांक 9. जावाची त्रुटी निदान कोणत्या ओळीवर जागा संपली ते तरी सांगते. म्हणून हीप पूर्ववत करून, त्रुटी येताच हीप डंप (हीपमधील सर्व मजकुराची फाइल) घेण्याचा पर्याय चालू केला.

डंप मेमरी ॲनालायझर या तपासणीच्या साधनात उघडल्यावर दिसले की, बहुतेक जागा वाचलेल्या नोंदींनी नव्हे, तर एकाच वेळी उघड्या असलेल्या 365 रायटरांनी (प्रत्येक तारखेची फाइल लिहिणारा एक) अडवली होती. पार्केटमध्ये प्रत्येक स्तंभ स्वतंत्रपणे साठवला जात असल्यामुळे रो-ग्रुप (एकत्र लिहिल्या जाणाऱ्या नोंदींचा गट) भरेपर्यंत त्यातील मजकूर मेमरीतच राहतो, आणि रो-ग्रुपचा मूळ आकार 128 एमबी असतो. नोंदी तारखेच्या क्रमाने येत नसल्यामुळे कोणताही रायटर मध्येच बंद करता येत नव्हता. 365 गुणिले 128 एमबी म्हणजे सुमारे 46 जीबी.

मग 16 जीबीत इतका वेळ तरी प्रोग्रॅम कसा तग धरत होता? याचे उत्तर लॉगमध्येच होते. रायटरांची एकूण मागणी हीपच्या 95 टक्क्यांपुढे गेली की पार्केटची लायब्ररी रो-ग्रुपचा आकार आपोआप घटवते आणि तशी सूचना रायटरांच्या संख्येसह लॉगमध्ये टाकते. इशाऱ्याच्या पातळीवरच्या असल्या ओळी सहसा कोणी वाचत नाही, पण संपूर्ण निदान त्या एका आकड्यात होते. शिवाय या हिशेबात उरलेल्या प्रोग्रॅमच्या वाट्याला जेमतेम 5 टक्के हीप येतो, आणि आमच्या वाचनाच्या बफरांना (वाचलेला मजकूर तात्पुरता ठेवण्याच्या जागांना) तेवढा पुरणे शक्यच नव्हते.

रो-ग्रुप 32 एमबी करून भागले असते, परंतु लहान रो-ग्रुपमुळे फायली वाचणे मंदावते. त्यापेक्षा नोंदी आधी तारखेनुसार डिस्कच्या साहाय्याने क्रमाने लावून, तारीख बदलताच चालू रायटर बंद करायचा, हा मार्ग मला अधिक पटला. मोठ्या प्रमाणावर माहिती हाताळणारी स्पार्क ही प्रणालीही विभागवार लिहिताना मुळात असेच करते. क्रम लावण्यात वेळ जातो, पण मेमरी एकाच रायटरपुरती लागते. बदलानंतर फायलींचा मेटाडेटा (त्यांच्या रचनेची नोंद) तपासला, तेव्हा रो-ग्रुप पूर्ण आकाराचे होते. आधीच्या अर्धवट प्रयत्नांतून राहिलेल्या फायलींत मात्र ते बारीक तुकड्यांत विखुरलेले दिसल्यामुळे त्या फायलीही नव्याने लिहून घेतल्या.