१४ नंबर

मंगळवार, नाईटनंतर

पनवेल लोकलला ठाण्यालाच खिडकी मिळाली, पण ऐरोलीपर्यंत डोळा लागला नाही.

पहाटे पावणेचारला १४ नंबरचे काका गेले. सीपीआर झाला, डॉक्टरांनी वेळ लिहिली, मी ईसीजीची पट्टी फाईलला लावली, कॅथेटर काढलं. काकू बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्यांच्याजवळ दोन मिनिटं टेकायला हवं होतं. पण ९ नंबरचं सलाईन संपलेलं, २१ला धाप लागलेली. २८ पेशंट आणि आम्ही दोघी. "काकू, घरच्यांना बोलावून घ्या," एवढं म्हणून मी आत वळले.

सकाळी हँडओव्हरला मी म्हणाले, "१४ रिकामा." नवीन मुलगी बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "ताई, काल ते नातीच्या बारशाचं सांगत होते ना?" सांगत होते. मलाच सांगत होते, बीपी घेताना.

बर्नआउट मोजण्यासाठी ख्रिस्तिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१मध्ये प्रश्नावली केली. तीत तीन गोष्टी बघतात: मन पार थकून जाणं, समोरचा माणूस वस्तूसारखा वाटायला लागणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. पहिली आणि तिसरी मला कधीच ओळखू आली होती, कारण त्या दुखतात. मधली दुखत नाही. उलट तिने कामं भराभर उरकतात, रात्र निभते. म्हणून ती कधी शिरली ते कळलंच नाही.

परवा आमच्यासाठी भावनिक बुद्धिमत्तेवर सेशन आहे. मी जाणार आहे. आपल्या मनात काय चाललंय ते वेळेवर ओळखता येणं हे शिकण्यासारखंच आहे, आज मला ते दुसरीने दाखवावं लागलं. पण जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९मध्ये बर्नआउटला आजार म्हटलं नाही, कामाच्या जागच्या सततच्या ताणाशी जोडलं. मला आत्ता दोन गोष्टी हव्यात: नाईटला तिसरी सिस्टर, आणि पेशंट गेल्यावर दहा मिनिटं.

घरी आल्यावर युनिफॉर्म भिजवायला घेतला, तर खिशात अंगाऱ्याची पुडी निघाली. रात्री अकराला काकूंनी दिली होती. "सिस्टर, ह्यांच्या कपाळाला लावाल का?" आणि मी "हो काकू" म्हटलं होतं.